२५ लाखांची जुनी मर्सिडीज : ताऱ्याचा लौकिक आणि तुमचा हप्ता

प्रश्न : वय ४१, वाकडला राहतो. हातात पगार १ लाख ९० हजार, गृहकर्जाचा हप्ता ५२ हजार, एसआयपी ४० हजार, एफडी २ लाख. २०१९ ची मर्सिडीज सी २२० डी बघून ठेवली आहे. एकच मालक, ६२ हजार किलोमीटर, डीलर २५ लाख म्हणतो. १० लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या इक्विटी फंडातून काढीन (तिच्या कॉलेजला सात वर्षं आहेत, या १० लाखांत नफा साडेचार लाख), १५ लाखांचं कर्ज डीलर ‘फक्त ७ टक्क्यांनी’ पाच वर्षांसाठी करून देतोय. वापर वर्षाला ९ हजार किलोमीटर, बहुतेक हिंजवडी-औंध. दुसरा पर्याय १६ लाखांची नवी पेट्रोल सेडान. बायकोचा कौल तिला आहे. माझं म्हणणं, मर्सिडीजचं इंजिन मरत नाही आणि भाव पडायचा तेवढा पडून गेलाय. मग हरकत काय?

उत्तर : हरकत गाडीला नाही, या पद्धतीने ती घेण्याला आहे. तुमचा सगळा हिशेब कंपनीच्या लौकिकावर उभा आहे, म्हणून आधी तोच तपासू.

मानहाइमच्या कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ ला मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या; मर्सिडीज-बेंझ हे नाव तिथून आलं. पण ‘इंजिन मरत नाही’ ही ख्याती मुख्यतः कमावली ती १९७६ साली आलेल्या डब्ल्यू १२३ या मॉडेलने आणि तिच्या आधीच्या पिढीने. दहाएक वर्षांत डब्ल्यू १२३ च्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या आणि जर्मनीपासून आफ्रिकेपर्यंत टॅक्सी म्हणून घासल्या गेल्या. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी तर ४६ लाख किलोमीटर चालून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. मात्र तिचं इंजिन या प्रवासात अनेकदा बदललेलं होतं. या गाड्यांचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक होता, ताकद ७० अश्वशक्तीच्या आसपास, सेन्सर जवळजवळ नाहीत. बिघडणारी वस्तूच कमी, आणि जे बिघडेल ते कुठल्याही हुशार फिटरला उघडता येई.

आपल्याकडे मर्सिडीजचा हा तारा आधी ट्रकवर आला. १९५४ मध्ये टेल्कोने (नंतरची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला बनलेले ‘टाटा-मर्सिडीज’ ट्रक देशभर धावू लागले. मागच्या पिढीच्या मनात मर्सिडीजबद्दल जो विश्वास आहे, त्यातला बराचसा या ट्रकांनी दिलेला आहे. मोटारींसाठी कंपनी भारतात १९९४ ला आली, १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जोडू लागली, आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. पिंपरीत डब्ल्यू १२४ सुरू झाली त्याच वर्षी युरोपात तिची जागा डब्ल्यू २१० ने घेतली होती. भारतीय गिऱ्हाइकाच्या हे लगेच लक्षात आलं आणि ती गाडी अपेक्षेइतकी खपली नाही.

लौकिकाला तडा जायची सुरुवात मात्र याआधीच झाली होती. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस आणली. तितकीच शांत, तितकीच नीटस, आणि बरीच स्वस्त. तोवर मर्सिडीजमध्ये इंजिनिअर गाडी बनवत आणि मग किंमत ठरे. आता आधी किंमत ठरवून त्यात गाडी बसवायची पद्धत आली. डब्ल्यू २१० ला पुढच्या स्प्रिंगच्या बैठकीपाशी गंज लागायचा. त्यानंतरच्या डब्ल्यू २११ ला विजेवर चालणारे ब्रेक दिले. मे २००४ मध्ये त्यापायी जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि मार्च २००५ मध्ये ब्रेक व विजेच्या दोषांसाठी आणखी १३ लाख. कंपनी यातून सावरली, नंतरच्या गाड्या पुन्हा घट्ट बनू लागल्या. मग डिझेलच्या धुराचं प्रकरण आलं : जून २०१८ मध्ये जर्मन वाहन प्राधिकरणाने युरोपातल्या ७ लाख ७४ हजार गाड्या परत बोलवायला लावल्या, आणि २०१९ मध्ये ८७ कोटी युरोंचा दंड झाला.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की ताऱ्याच्या नावाखाली फार वेगवेगळ्या प्रतीची यंत्रं विकली गेली आहेत. तुम्ही घेताय ती गाडी कुठल्या पिढीची आणि कुठल्या इंजिनाची, यावर हिशेब मांडायचा.

तुमची सी २२० डी सप्टेंबर २०१८ ला भारतात आलेल्या सुधारित डब्ल्यू २०५ मधली आहे. १९५० सीसीचं ओएम ६५४ इंजिन, १९४ अश्वशक्ती, बीएस ६. इंजिन म्हणून मला ते पसंत आहे. गिअरबॉक्सही दणकट आहे. दुखणं इंजिनाच्या पोटात नाही, धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत आहे. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर; तो साफ व्हायला इंजिन वीस-पंचवीस मिनिटं सलग गरम आणि वेगात चालावं लागतं. वाकड ते हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ते कधीच होत नाही. गाडी साफसफाई सुरू करते, तुम्ही ऑफिसात पोचून इंजिन बंद करता, दुसऱ्या दिवशी परत तेच. मग न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते, फिल्टर तुंबतो. सोबत अॅडब्लूची, म्हणजे धुरात फवारायच्या युरियाच्या द्रावणाची टाकी, तिचा पंप आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे नॉक्स सेन्सर आहेत. यातला एक सेन्सर गेला तरी डॅशबोर्डवर उलटी गिनती सुरू होते आणि शेवटी गाडी चालू व्हायला नकार देते. महिन्यातून दोनदा कोल्हापूर-नाशिक करणाऱ्याला मी ही गाडी बिनधास्त सुचवली असती. तुमच्या वापराला डिझेल चुकीचं आहे.

आता ‘भाव पडून गेलाय’ हे. खरं आहे. या मॉडेलची शोरूम किंमत ४० लाखांपासून सुरू होत होती. कर आणि विमा धरून पहिल्या मालकाने त्याहून बरेच भरले आणि सगळी घसरण सोसली. पण किंमत निम्म्यावर आली ती गाडीची. हेडलाइट, नॉक्स सेन्सर, ब्रेकच्या डिस्क, २२५/५० आर १७ चे टायर यांच्या किमती नव्या गाडीच्याच आहेत. तुम्ही २५ लाखांची गाडी घेता आणि पन्नास लाखांच्या गाडीची देखभाल करता. जुन्या महागड्या गाड्यांचे मालक फसतात ते नेमके इथे.

विमाही असाच. गाडी पाच वर्षांच्या पुढे गेली की दाव्यात धातूच्या भागांवर ४० टक्के आणि प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा कापला जातो. समोरून ठोकर बसून ३ लाखांचं बिल झालं, तर त्यातले सव्वा लाख सहज तुमच्या खिशातून जातील. घसारा न कापणारं कव्हर या वयाच्या गाडीला मिळतंय का आणि किती वर्षं मिळेल, हे व्यवहाराआधी लेखी घ्या. आणि पुण्याचा पाऊस बघता इंजिन-संरक्षणाचं कव्हर घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्याने इंजिन गेलं, तर साधी पॉलिसी त्याचे पैसे देत नाही.

कर्जाचे ७ टक्के हे फ्लॅट आहेत. १५ लाखांवर पाच वर्षांचं व्याज ५ लाख २५ हजार सुरुवातीलाच जोडायचं आणि ६० ने भागायचं : हप्ता ३३,७५०. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र पूर्ण १५ लाखांवर धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो.

पाच वर्षांचा पूर्ण हिशेब मांडतो. अंदाज माझे आहेत, आणि ते मुद्दाम फुगवलेले नाहीत. रोख १० लाख, हप्ते २० लाख २५ हजार, विमा सव्वादोन लाख. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, बॅटरी मिळून वर्षाला सरासरी १ लाख २० हजार, म्हणजे ६ लाख. एक मोठं काम, गिअरबॉक्स किंवा धुराच्या यंत्रणेचं, २ लाख. एकूण साडेचाळीस लाख. तेव्हा अकरा वर्षांच्या झालेल्या गाडीचे ९ लाख आले असं धरलं तर निव्वळ खर्च साडेएकतीस लाख, महिन्याला ५२,५००. तुमच्या ४५ हजार किलोमीटरला भागलं तर किलोमीटरमागे ७० रुपये, डिझेल वेगळं.

नव्या १६ लाखांच्या गाडीला फंडातून ६ लाख आणि १० लाखांचं कर्ज घटत्या ९ टक्क्यांनी : हप्ता २०,७५८. पुढचा विमा १ लाख ६० हजार, देखभाल आणि टायर १ लाख ३० हजार, शेवटी विक्रीचे साडेसात लाख. निव्वळ खर्च १४ लाखांच्या आत, महिन्याला सुमारे २३ हजार. दोहोंतला फरक महिन्याला २९ हजारांच्या वर आहे.

हे पैसे येणार कुठून? गृहकर्ज आणि गाडीचा हप्ता मिळून ८५,७५० होतात, पगाराच्या ४५ टक्के. एसआयपीचे ४० हजार गेले, गाडीच्या देखभाल-विम्याचे सरासरी १७ हजार गेले, उरले ४७ हजार. त्यात घर, शाळा, डिझेल, आजारपण. एफडी २ लाखांची, म्हणजे एक मोठी दुरुस्ती आणि महिनाभर नोकरीची ओढाताण एकत्र आली की पहिली कुऱ्हाड एसआयपीवर पडणार. शिवाय मुलीचे जे १० लाख काढताय ते १० टक्क्यांनी वाढले तर सात वर्षांत साडेएकोणीस लाख होतात. मला सगळ्यात जास्त खटकतंय ते हेच. त्या पैशाला आधीच एक काम नेमून दिलेलं आहे. म्हणूनच नवी गाडीसुद्धा त्या फंडातून घेऊ नका.

माझा सल्ला : ही गाडी सोडा. चालू गाडी आणखी अडीच वर्षं वापरा आणि जो हप्ता भरायची तुमची तयारी होती तो, ३३ हजार, दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाका. साडेसहा टक्क्यांनी तीस महिन्यांत १० लाख ७० हजारांच्या आसपास जमतील, त्यावरचा कर वेगळा. या काळात दोन गोष्टी कळतील : ३३ हजार बाजूला पडल्यावर घर नीट चालतं का, आणि मर्सिडीजची ओढ तेवढीच राहते का. राहिली, तर खुशाल घ्या. हौस हा गैरखर्च नाही, मात्र तिच्या अटी ठरलेल्या असाव्यात. कर्ज ५ लाखांच्या वर नको, मुलीच्या फंडाला हात नको, आणि गाडीच्या किमतीबाहेर अडीच लाखांची दुरुस्ती-ठेव पहिल्या दिवसापासून वेगळी हवी. शहरातला वापर असाच राहणार असेल तर पेट्रोल सी २०० बघा, डीपीएफचा प्रश्नच येणार नाही.

तरीही हीच गाडी घ्यायची ठरवलीत तर टोकन देण्याआधी एवढं करा. मर्सिडीजच्या सर्व्हिसची नोंद डिजिटल असते. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून पूर्ण इतिहास काढा. सर्व्हिस वर्षाला किंवा १५ हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, झालेली हवी. एखादं वर्ष गाळलेलं दिसलं तर भाव पाडू नका, गाडी सोडा. त्याच वर्कशॉपमध्ये झेंट्री हा कंपनीचा तपासणी-संगणक लावून डीपीएफमधली काजळी, जुन्या त्रुटींच्या नोंदी आणि वेगवेगळ्या मॉड्यूलमधले किलोमीटर बघून घ्या. ते मीटरशी जुळले पाहिजेत. ऑइल एमबी २२९.५२ सारख्या, डीपीएफला चालणाऱ्या प्रतीचंच घातलेलं आहे का, बिलावर पाहा. दुसऱ्या ऑइलने डीपीएफ लवकर भरतो. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, डिकीतल्या गालिच्याखालची माती आणि पूर्ण ओढून पाहिलेल्या सीटबेल्टवरचा डाग, यावरून पुरात बुडालेली गाडी ओळखू येते. दिल्ली पासिंग असेल तर स्वस्ताईला भुलू नका. तिथल्या डिझेलच्या १० वर्षांच्या मर्यादेच्या धास्तीने त्या गाड्या इकडे येत आल्या आहेत, आणि एनओसी आणून महाराष्ट्राचा कर तुम्हाला पुन्हा भरावा लागतो.

फंड विकायचाच झाला तर निम्मा मार्चमध्ये आणि निम्मा एप्रिलमध्ये विका. साडेचार लाखांच्या नफ्यावर एकाच वर्षात सवा लाखाची सूट वजा जाऊन साडेबारा टक्क्यांनी, सेस धरून, ४२,२५० कर बसेल. दोन आर्थिक वर्षांत विभागलात तर २६ हजार. दुसरं भांडवली उत्पन्न नाही असं यात धरलं आहे.

कागदांत मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आणि ताबा घेतल्यापासून १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे डीलरने दाखवलेला जुना हप्ता धरून विम्याचा अंदाज बांधू नका. टोकनच्या पावतीवर ‘वर्कशॉपच्या तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढी ओळ लिहून घ्या. डीलर ती लिहायला तयार नसेल तर पैसे देऊ नका.