वोंग ताई सिनमध्ये नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

हाँगकाँगमधील वोंग ताई सिन भागात तुम्ही बिऱ्हाड करत आहात, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळल्या तरी पुरे आहे.

मंडईत पाटीवरचा भाव बहुधा किलोचा नसून कॅटीचा, म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅमचा असतो, हे आधी ध्यानात ठेवा. शाकाहारी असाल, तर खानावळीत केवळ भाजी मागून भागत नाही, कारण उकडलेल्या पालेभाजीवरही अनेकदा ऑयस्टर सॉस, म्हणजे शिंपल्यातील प्राण्यापासून केलेला सॉस, घातलेला असतो. तो नको, हे स्पष्ट सांगा. दुपारच्या गर्दीत तुमच्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला, तर संकोचू नका, तिथे तशीच रीत आहे.

इथल्या वोंग ताई सिन मंदिराविषयी मात्र थोडे सविस्तर सांगतो. १९२१ पासून इथे असलेले हे ताओ या चिनी धर्मपंथाचे मंदिर शेजाऱ्यांचे रोजचे श्रद्धास्थान आहे, त्यामुळे गुडघे टेकून बसलेल्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. कौल घ्यायचा असेल, तर मनात एकच प्रश्न धरून शंभर काड्यांचे बांबूचे नळकांडे एक काडी आपोआप बाहेर पडेपर्यंत हलवावे आणि तिचा क्रमांक टिपून घ्यावा. एकदम अनेक प्रश्न विचारणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्या क्रमांकाचा अर्थ सांगणाऱ्याकडे बसण्यापूर्वी दक्षिणा विचारून घ्या. ताई सुई, म्हणजे एकेका वर्षाच्या अधिपती मानलेल्या देवतांची पूजा वगैरे पुढे सावकाश समजेल.

चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री पहिली उदबत्ती लावण्यासाठी प्रचंड गर्दी लोटते, म्हणून त्या दिवशीचा बाजार सकाळीच उरका.