ताईला विचारा : एकटीनं बसनं नेपाळला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी सेलूची, वय २३, एमएसडब्ल्यू झालंय. काठमांडूजवळच्या एका संस्थेत दोन महिने व्हॉलंटिअर म्हणून जायचं चाललंय, बालगृहातल्या लेकरांना शिकवायचं काम आहे. राहण्या-जेवणाचे म्हणून त्यांनी २५ हजार आधीच भरा म्हणलंय. विमान परवडत नाही, पासपोर्ट पण नाही, म्हणून बसनंच जाईन म्हणते. आई म्हणायली एकटीनं अजिबात जायचं नाही, तिकडं बसा नदीत पडतात. वडील तर काहीच बोलेनात. हा येडेपणा आहे का?

उत्तर : येडेपणा काही नाही गं. खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला बसपेक्षा त्या २५ हजाराचीच जास्त धास्ती वाटली, पण ते नंतर, आधी रस्त्याचं बघू.

आई उगीच घाबरत नाही. ऑगस्ट २०२४ मधे पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली भाविकांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली, त्यातली माणसं आपल्या जळगाव जिल्ह्यातली होती, आईनं ते टीव्हीवर बघितलं असणार. त्याच्या आधी जुलैत सिमलतालजवळ दरड आली अन दोन बसा त्रिशूली नदीत गेल्या, तेही पहाटे अंधारात. तुला जायचाय तो नारायणगढ-मुग्लिनचा रस्ता हाच, एका अंगाला डोंगर अन दुसऱ्या अंगाला नदी. म्हणून पावसाळ्यात जायचंच नाही, अन रात्रीच्या बसनं तर कधीच नाही. दसऱ्याच्या टायमालाही नको, त्यांचा दशैं असतो, सगळा नेपाळ गावाकडं निघतो अन बसला पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी झाली की निघ, आभाळ मोकळं असतं.

आता इथून तिथवर सगळं बसनंच करायचा हट्ट सोड, कंबर जाईल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यात मनमाड गाठ, तिथून रेल्वेनं गोरखपूर. दिल्लीहून थेट काठमांडूच्या बसा असतात पण एका दिवसाच्या वर त्यात बसून राहावं लागतं, एकट्या पोरीला मी ते सांगणार नाही. गोरखपूर स्टेशनच्या जवळच बॉर्डरवरच्या सोनौलीच्या बसा लागतात, शंभरेक किलोमीटर, तीनेक तास. तिथं "मॅडम काठमांडू डायरेक्ट" म्हणत पोरं मागं लागतील, पुढचं तिकीट त्यांच्याकडून घ्यायचं नाही म्हणजे नाही. सोनौलीला उतरायचं, बॉर्डरच्या कमानीतून पायी पलीकडं नेपाळात जायचं, रिक्षानं भैरहवा गाठायचं, अन तिकीट तिथल्या बसपार्कवर काढायचं.

बॉर्डरला पोचायला संध्याकाळ होत असेल तर पुढं निघायचंच नाही. भैरहव्यात नीट लॉज बघून झोप, सकाळची पहिली बस धर. दिवसभराचा प्रवास आहे, बुटवल-नारायणगढ पट्ट्यात रस्त्याचं काम बरीच वर्षं चाललंय, धूळ अन जाम दोन्ही पोटभर मिळतं, ओढणी तोंडाला बांधूनच बस. ड्रायव्हरच्या मागची, नाहीतर बाईशेजारची सीट माग, बसच्या क्लीनरला हिंदी कळतं. बस जेवायला थांबली की बाथरूमला जाऊनच घे, पुढं कुठं थांबंल सांगता येत नाही. काठमांडूत शिरताना आधी कलंकी लागतं अन नवा बसपार्क गोंगबूला आहे, तुला कुठं उतरायचं ते संस्थेकडून आधीच लिहून घे.

व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदान कार्ड चालतं, ओरिजिनल पाहिजे, झेरॉक्स नाही. तुझ्या वयाला नुसतं आधार चालत नाही. कमानीत कुणी विचारलंही नाही असं होतं, पण लॉजवर अन सिम घेताना लागतंच.

आता ते २५ हजार. राहण्या-जेवणाला पैसे घेणं वाईट नाही. पण नेपाळातल्या असल्या बालगृहांतल्या बहुतेक लेकरांचे आईबाप, निदान दोघांतलं एक तरी, जिवंत असतं, शिक्षणाच्या आशेनं खेड्यातून आणलेली असतात, अन परदेशी पाहुण्यांचे पैसे चालू राहावेत म्हणून मुलं भरून ठेवणारी गृहंही तिथं सापडलीत. युनिसेफनं अशा व्हॉलंटिअरगिरीबद्दल बजावून सांगितलंय. तू सोशल वर्क शिकलीस, तुला हे विचारता आलं पाहिजे : तिथल्या समाज कल्याण परिषदेकडं नोंद आहे का, नंबर काय, मुलं घरी परत जातात का, दोन महिन्यांनी तू गेल्यावर वर्ग कोण घेणार. अन त्यांनी तुला काय विचारलं तेही बघ. चारित्र्याचा दाखला नाही, कॉलेजमधल्या कुणाचा नंबर नाही, नुसता अकाउंट नंबर पाठवला असेल तर मी एक रुपया टाकणार नाही. शिकवायचंच असेल तर सरकारी शाळेत नाहीतर गावातल्या महिला गटासोबत काम देणारी संस्था शोध, लेकरांच्या झोपायच्या जागेपर्यंत अनोळखी माणसाला सोडणारी नको.

वडील बोलेनात म्हणतेस, त्यांना हा सगळा रूट कागदावर लिहून दे अन संस्थेतल्या बाईशी फोनवर बोलायला लाव. बोलायला सुरुवात करतील बघ.

प्रश्न : नेपाळात आपले पैसे अन फोन चालतात का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा भाव ठरलेलाच आहे. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, त्यामुळं शंभराच्याच नोटा ठेवा. क्यूआरवर यूपीआय २०२४ पासून चालू झालंय पण डोंगरातल्या ढाब्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. आपलं सिम रोमिंगशिवाय मुकं, तिकडचं एनसेल नाहीतर नेपाळ टेलिकॉमचं घ्या. पोलीस १००, टुरिस्ट पोलीस ११४४, बायकांसाठी ११४५. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा, नाहीतर सकाळची बस जाईल.