पुस्तक पोस्ट करताना लेखक कसा जोडायचा
अरे, जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (पायथनमध्ये वेब एपीआय बनवायचं साधन) नवीन माणूस इथेच अडकतो. नेस्टेड सिरियलायझर (डेटाचं जेसन करणाऱ्या क्लासमध्ये तसाच दुसरा क्लास, म्हणजे पुस्तकाच्या आत अख्खा लेखक) डेटा वाचायला छान, पण त्यातून लिहायचं असेल तर क्रिएट मेथड स्वतः लिहावी लागते, नाहीतर पोस्ट केलं की असर्शन एरर. लेखक आधीच टेबलात आहे ना, मग अख्खा ऑब्जेक्ट कशाला पाठवतोस, नुसता आयडी पाठव, प्रायमरी की रिलेटेड फील्ड (आयडीवरून रेकॉर्ड शोधणारं फील्ड) लाव, त्याला क्वेरीसेट (कोणत्या लेखकांत शोधायचं ते) दे, म्हणजे नसलेला आयडी आला की ४०० (चुकीची रिक्वेस्ट) हा एरर आपोआप जातो. रिस्पॉन्समध्ये नाव हवं तर वेगळं रीड ओन्ली फील्ड ठेव. आणि हो, रेकॉर्ड बनवणारा युजर मात्र क्लायंटकडून अजिबात घेऊ नकोस (कोणीही कोणाचाही आयडी टाकेल!), तो व्ह्यूच्या परफॉर्म क्रिएटमध्ये (रेकॉर्ड सेव्ह करणारी मेथड) रिक्वेस्टमधून घे. स्वतःच्या क्रिएटमध्ये मेनी टू मेनी नातं (एका पुस्तकाचे अनेक लेखक, एका लेखकाची अनेक पुस्तकं) असेल तर आधी रेकॉर्ड सेव्ह, मगच ते नातं सेट.