द्रासचा हिरवा दगड आणि माळव्याचा काळा

प्रश्न : लडाखच्या सहलीत द्रासजवळ रस्त्याकडेला पडलेला हिरवट-काळा दगड उचलून आणला. तोही बेसाल्टच, असं कळलं. मग पातालपाणीच्या धबधब्याला दिसतो तो आपला काळा दगड आणि हा एकच का? घरी फरक कळेल का?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : दोन्ही ज्वालामुखीचे, पण घराणी वेगळी. पातालपाणीचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थरावर थर पसरलेला. द्रासचा त्याहून जुना, भारत आणि आशियामधल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांच्या रांगेतला. तिथे समुद्रतळाचा एक पट्टा दुसऱ्याखाली शिरत होता. साधारण १०० किलोमीटर खोलीवर त्याच्या खनिजांतलं पाणी सुटून वरच्या प्रावरणात (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात) शिरलं, की तिथला खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. असा पाणीदार शिलारस वर येताना स्फोट करतो, म्हणून द्रासच्या लाव्ह्यात राखेचे थरही भरपूर आहेत. पुढे, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारत आशियाला भिडला आणि ही बेटं मध्ये चेपून वर उचलली गेली. त्या दाबाउष्णतेत मूळ खनिजांची क्लोराइट आणि एपिडोट झाली. हिरवेपणा त्यांचाच.

मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका. दख्खनच्या दगडातल्या पोकळ्यांतही हिरवं सेलाडोनाइट सापडतं. डोळ्यांवर चष्मा लावून हातोडीने कोपरा उडवा. बाहेरची गंजकी साल काही सांगत नाही. ताजी बाजू ओली करून १० पट भिंगाखाली धरा. पिस्त्यासारखा पिवळट-हिरवा कण चाकूने ओरखडला गेला नाही तर बहुधा एपिडोट. नखानेही खरवडला जाणारा गर्द हिरवा पापुद्रा क्लोराइट. हे पोकळ्यांपुरतं न राहता अंगभर पसरलेलं दिसलं, तर द्रासकडे कल द्यावा. पांढऱ्या शिरांवर आम्लाचा थेंब टाकून फेस आला, तर तिथे कॅल्साइट आहे इतकंच. ते दोन्ही दगडांत असतं.

एक अडचण मात्र भिंगाने सुटत नाही. रस्त्याकडेचा सुटा दगड ओढ्याने वरून आणलेला असू शकतो. पुढच्या वेळी जिवंत, म्हणजे मूळ जागी असलेल्या, कातळाचा तुकडा घ्या आणि जागा लिहून ठेवा. पक्का निकाल हवा असेल तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि रासायनिक पृथक्करण करावं लागतं. त्यात टायटॅनियम ऑक्साइडचा आकडा आधी पाहा : बेटांच्या बेसाल्टमध्ये तो बहुधा १ टक्क्याच्या आसपास किंवा खाली असतो, दख्खनमध्ये बऱ्याचदा २ टक्क्यांच्या घरात.