वाचकांचे प्रश्न : एक रेझिस्टर तापतो, दुसरा थंड का?

प्रश्न : आमच्या कारखान्यातील २० टनी क्रेनच्या हॉइस्ट ड्राइव्हला (भार उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेला) दोन ब्रेक युनिट समांतर जोडली असून प्रत्येकाला १५ ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर आहे. पूर्ण भार मिनिटाला १२ मीटर वेगाने उतरवताना एका रेझिस्टरच्या पेटीचा रंग करपतो, तर दुसऱ्याची पेटी हाताला थंडच लागते. थंड बाजूचे युनिट बदलूनही फरक पडला नाही. दोष कशात असावा?

उत्तर : बदललेल्या युनिटमध्ये बहुधा दोष नव्हताच. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर डीसी बस, म्हणजे ड्राइव्हमधील एकदिश प्रवाहाची वाहिनी, साधारण ५८५ व्होल्टवर असते. भार उतरताना मोटर जनित्रासारखी चालते, परतलेली ऊर्जा बसवर साठून व्होल्टेज चढते आणि ते ठरावीक पातळीला पोचले की ब्रेक युनिट रेझिस्टर जोडते, म्हणजे जादा ऊर्जा त्यात उष्णता होऊन निघून जाते. ही पातळी दोन्ही युनिटवर एकच लिहिलेली असली, तरी प्रत्यक्षात काही व्होल्टचा फरक राहतोच. समजा, पहिले ७७५ व्होल्टला चालू होते आणि दुसरे ७८५ला. तुमचा भार उतरताना सुमारे ३९ किलोवॉट मिळतात. गिअरबॉक्स आणि मोटरमधील घट वजा जाता अंदाजे ३३ उरतात. १५ ओहमचा एकच रेझिस्टर ७७५ व्होल्टला ४० किलोवॉट खातो. त्यामुळे पहिले युनिट एकटेच व्होल्टेज खाली ओढते, ७८५ची वेळ येतच नाही, आणि जो रेझिस्टर निम्म्या कामासाठी निवडला होता तो उतरण्याच्या ८० टक्क्यांहून अधिक वेळ जळत राहतो.

प्रथम दोन्ही युनिटवरील पुरवठा-व्होल्टेजचा जंपर (व्होल्टेज निवडण्याची छोटी जोडपिन) एकाच खुणेवर आहे का ते पाहावे. बदललेल्या युनिटवर तो हमखास राहून जातो. मात्र खरा उपाय मास्टर-स्लेव्ह जोडणीचा आहे : व्होल्टेज फक्त मास्टरने मोजायचे आणि त्याच्या इशाऱ्यावर स्लेव्हने त्याच क्षणी रेझिस्टर जोडायचा. मग दोघांकडे प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास काम येते. तुमच्या युनिटवर तशी टर्मिनल असतील, तर इशाऱ्याची तार पीळ दिलेली व आखूड ठेवावी. दोन्ही युनिटची टोके एकाच रेझिस्टरवर आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण जे युनिट आधी चालू होईल त्याच्या ट्रान्झिस्टरमधून सगळा प्रवाह जाईल.

पेटीला हात लावून पाहणे कृपया आजपासून बंद करा. आतील टोकांवर ७०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो. वाटणी तपासायची असेल, तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर दोन्ही तारांवर आळीपाळीने लावून वाचन घ्यावे.