नोंद आधी, राउटर नंतर

प्रिय,

तुझ्या इंटरनेट सेवेसाठी भाड्याचा /२४, म्हणजे २५६ आयपी पत्त्यांचा ब्लॉक, स्वस्त मिळतोय आणि दोन दिवसांत चालू होतोय, मग आयआरआयएनएनच्या (भारतात आयपी पत्ते वाटणाऱ्या नोंदणी संस्थेच्या) कागदपत्रांत कशाला अडकायचं, असं तू विचारतोस. महिन्याचं भाडं आणि २५६ पत्ते एवढाच हिशेब मांडलास. तो ब्लॉक कोणाच्या नावावर आहे, हे हूइजमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या मालकांच्या उघड्या नोंदवहीत, पाहिलंस का? नोंद बघ, मग भाव विचार.

पत्ता हा नुसता आकडा. तो तुझा ठरतो वहीतल्या एका ओळीमुळे. सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव असलेल्या जमिनीत तू विहीर खणशील का?

ती वही आपल्याकडे कशी आली, हे माहीत असू दे. नव्वदच्या सुरुवातीला साऱ्या जगाची नोंदवही अमेरिकेत होती. पत्ते ठरावीक वर्गांत वाटले जायचे: क वर्गात २५६ पत्ते, ब वर्गात ६५,५३६, अधलंमधलं काही नाही. पाचशे यंत्रं असलेली संस्था ब मागायची आणि उरलेले पासष्ट हजार पडून राहायचे. ऑक्टोबर १९९२ च्या आरएफसी १३६६ ने (इंटरनेटच्या नियमांच्या एका दस्तऐवजाने) वाटप प्रदेशवार करण्याची दिशा दिली. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपीनिक १९९३ मध्ये टोकियोत प्रयोग म्हणून सुरू झाली. २०२ आणि २०३ ने सुरू होणारे पत्ते त्या काळातले. १९९६ मध्ये सेशेल्समध्ये संस्था नोंदली, १९९८ मध्ये बिऱ्हाड ब्रिस्बेनला गेलं.

पुढे मागणी किती वाढली? २०११ च्या जानेवारीअखेर मिळालेल्या ३९ आणि १०६ या दोन ब्लॉकांत ३ कोटी ३५ लाख पत्ते होते, तरी १५ एप्रिलला एपीनिककडे वाटायला शेवटचा १०३ तेवढा उरला. तेव्हापासून त्यातून सदस्यामागे फार तर १,०२४, आणि २०१९ पासून ५१२. कंजूषपणा म्हणून खूप बोलणी बसली. बसू देत! मागेल त्याला मागेल तेवढं दिलं असतं, तर आज तुला अर्ज करायलाही जागा नसती. चूक झाली ती वेगळी. वाटप कडक ठेवलं, पण जुन्या नोंदी शिळ्या होऊ दिल्या. बंद पडलेल्या कंपन्यांच्या नावावरचे ब्लॉक चोरांनी उचलले ते त्यामुळेच.

आता तुझा हिशेब. ५१२ पत्ते म्हणजे /२३. सीजीनॅटमध्ये (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या सोयीत) पहिले १,०२४ पोर्ट, म्हणजे पत्त्यावरच्या जोडण्यांचे क्रमांक, सोडले, तर प्रत्येक पत्त्यावर ६४,५१२ उरतात. ग्राहकाला १,००८ पोर्ट दिले, की एका पत्त्यामागे ६४ ग्राहक. सर्व्हर आणि लीज्ड लाइनवाल्यांसाठी (स्वतंत्र जोडणी घेणाऱ्यांसाठी) एक /२४ बाजूला ठेवलास तरी १६,३८४ ग्राहक बसतात. तुझ्याकडे तीन हजार आहेत. भाडं कशासाठी भरणार आहेस? पोर्टचे गट मात्र ठरावीक ठेव, म्हणजे कुठल्या वेळी कोण होतं हे सांगता येईल. इथेही नोंदच. आणि अर्जातच आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पत्त्यांचा) /३२ ब्लॉक माग, नंतर म्हणू नकोस.

ब्लॉक मिळाला की राउटरला हात लावण्याआधी रूट ऑब्जेक्ट (हा ब्लॉक कोणत्या नेटवर्कातून जगाला जाहीर होईल याची नोंद) आणि आरओए (त्याच गोष्टीची सही केलेली परवानगी) कर. इथे बहुतेक जण घसरतात. /२३ च्या आरओएत मॅक्सलेन्थ (किती लहान तुकड्यापर्यंत परवानगी) २४ टाकून मोकळे होतात आणि जाहीर फक्त /२३ करतात. मग कोणीही तुझा एएस क्रमांक (तुझ्या नेटवर्कची ओळख) मूळ म्हणून दाखवून तुझा /२४ जाहीर करू शकतो. तो वैधही ठरतो, आणि अधिक नेमका, म्हणजे लहान ब्लॉकचा, मार्ग जिंकतोच. उलट, आरओए नुसता /२३ चा ठेवून /२४ जाहीर केलास, तर अपस्ट्रीमवाला (तुला इंटरनेट पुरवणारी मोठी कंपनी) तो अवैध म्हणून टाकून देईल. जे जाहीर करशील नेमक्या त्याचाच आरओए कर, एकही बिट जास्त नको. भाड्याच्या ब्लॉकचा आरओए मालकाच्या हातात असतो. त्याने तो दुसऱ्या एएसच्या नावे केला, की रात्री दोनला तुझे ग्राहक अंधारात.

अ‍ॅब्यूजचा (गैरवापराच्या तक्रारींचा) मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर ठेवू नकोस. दर सहा महिन्यांनी पडताळणीचा मेल येतो, तो कोणीतरी उघडायला हवा. त्या भाड्याच्या /२४ चा हूइज काढून आजच पाठव.