‘अँजेलाची राख’ चालेल का?

प्रश्न असा आला आहे : फ्रँक मकॉर्ट यांच्या ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ या बालपणीच्या आठवणींवर १९९९मध्ये निघालेला चित्रपट दाखवायचा आहे आणि पत्रकावर मराठी नाव हवं आहे. राख, रक्षा की अस्थी? (मूळ नाव तसंच ठेवलं तर निम्मे लोक क्रिकेटचं काहीतरी समजून येतील, ही प्रश्नकर्त्याची भीती मला रास्त वाटते.)

अस्थी म्हणायचं तर आधी दहन व्हायला हवं. गोष्ट १९३०-४०च्या दशकांतल्या, आयर्लंडमधल्या लिमरिक शहराची, गरीब कॅथलिक वस्तीतली. कॅथलिक चर्चने दहनाला मोकळीक दिली ती १९६३मध्ये, आणि आयर्लंड प्रजासत्ताकातली पहिली दहनभूमी डब्लिनला १९८२मध्ये झाली. अँजेलाची, म्हणजे फ्रँकच्या आईची, जुळी मुलं एकापाठोपाठ जातात, पण ती जातात मातीत.

‘रक्षा’ हा खरं तर ‘राख’चाच पूर्वज. संस्कृतात त्याचे संरक्षण आणि राख असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने मात्र घर आणि स्मशान अशी वाटणी केली : चुलीतली ती राख, चितेची ती रक्षा. कोल्हापूर-सांगलीकडे निधनवार्तेच्या शेवटी ‘रक्षाविसर्जन’ छापलेलं असतंच. शिवाय ‘अँजेलाची रक्षा’ म्हटलं तर तिला कुणी पहारा दिलाय असं वाटेल.

तेव्हा राखच. वसईकडच्या ख्रिस्ती वाचकाला तिच्यात राखेचा बुधवारही (उपवासकाळ सुरू होतो तो, कपाळाला राख लावण्याचा दिवस) ऐकू येईल. आयरिश कानाला मूळ नावात तो ऐकू येणं साहजिकच आहे. पण खरी राख घरातली, भिंतीतल्या शेगडीतली. नाताळच्या दिवशी डुकराचं मुंडकं शिजवायला कोळसा नाही म्हणून पोरं रस्त्यावर सांडलेले तुकडे वेचून आणतात. पुढे तर घराच्या आतल्या भिंतीच्या फळ्याच उपटून जाळतात. एवढं करून पेटवलेलं विझतं आणि आई त्यापुढे बसून राहते, बोटांत सिगारेट. त्या सिगारेटचीही राखच होते. मराठीत वेगळा शब्द लागत नाही, हे आपलं नशीब.

पुस्तकात हे सगळं पोराच्या तोंडून, वर्तमानकाळात, ओघात येऊन जातं. अ‍ॅलन पार्करच्या चित्रपटात निवेदकाचा आवाज आहे, पण पडद्यावर राख नुसती सांगून भागत नाही. शेगडी लागते, तिच्यापुढे आईच्या भूमिकेतल्या एमिली वॉटसनचा चेहरा लागतो. म्हणून चित्रपटाचं नाव डोळ्यांना दिसणाऱ्या राखेवरून ठरवावं.

अडचण ‘राख’ची नाही, ‘ची’ची आहे. ‘घराची राख झाली’, ‘आयुष्याची राख केली’ ही आपली बोलायची रीत. ‘अँजेलाची राख’ वाचताच बाई जळून गेली. इंग्रजीतलं षष्ठीचं रूप मालकी, जवळीक आणि देहावशेष यांपैकी नेमकं काय ते सांगत नाही. मराठीत नावाला ‘ची’ लावून पुढे राख ठेवली की अर्थ थेट स्मशानात जातो.

गंमत म्हणजे तो अर्थही मकॉर्टकडे आहे, पण दुसऱ्या पुस्तकात. पहिल्याचं शेवटचं प्रकरण एका शब्दाचं : ‘टिज’ (‘इट इज’चं आखूड रूप). तेच पुढच्या पुस्तकाचं नाव, आणि त्याच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये वारलेल्या अँजेलाची रक्षा लिमरिकला आणली जाते. ज्यांनी दोन्ही वाचली आहेत ते ‘अस्थी’चा आग्रह धरतील, त्यांचं ऐकू नका. चित्रपट संपतो तेव्हा आई जिवंत आहे आणि मुलगा अमेरिकेला निघाला आहे.

माझं मत ‘अँजेलापुढची राख’ला. ‘अँजेलाच्या शेगडीतली राख’ही अचूक आहे, पण पत्रकावर फार लांब होईल. आणि ‘राखा’ असं अनेकवचन कृपा करून करू नका. इंग्रजीत ‘अ‍ॅशेस’ अनेक असतील, आपल्याकडे ढीगभर असली तरी राख एकच.